एक नंबर, दोन माणसं

उन्हाळ्याची लू सुरू झाली की दिल्लीतले डोंगरवाले, म्हणजे डोंगरातल्या शर्यतींना जाणारे, जागे होतात. बाकीचं शहर कूलर लावून आडवं पडतं आणि हे लोक पहाटे पाचला पाठीला पिशव्या आवळून जिने चढायला लागतात. गुडगावात आमच्या सोसायटीत यंदा चारपाच जण आहेत. मी बाल्कनीत चहा घेऊन उभा असतो तेव्हा समोरच्या टॉवरच्या जिन्यातल्या झरोक्यांतून ते मजल्यामजल्यावर दिसतात, नाहीसे होतात, परत दिसतात. नवखा कोण ते लगेच कळतं. तो पहिले सहा मजले पळतो आणि नवव्यावर कठडा धरून उभा असतो.

मी तेरा वर्षांत एकही जिना पळत चढलेलो नाही.

यंदा एप्रिलात मनूचा फोन आला. मनू म्हणजे मंजिरी, माझा मित्र सुहास याची मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथेच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं. "काका, मला पहाडात दौडायचंय. प्रॉपर रेस. आई बोलली, दत्ता काका शिकवत असतील तरच. नाहीतर बिल्कुल नाही."

सुहास अशाच एका शर्यतीत गेला. माझ्याबरोबर पळत असताना. आणि त्याची बायको, वैशाली, म्हणत होती की पोरीला शिकवायचं तर मीच.

"विचार करून सांगतो," म्हणालो. विचार करण्यासारखं काय होतं ते मला एकट्यालाच माहीत होतं. तिला काय काय शिकवावं लागेल याची मनात जुळवाजुळव करायला लागलो, आणि ती करता करता तो उन्हाळा माझ्या अंगावर परत चढत गेला.

पहिली गोष्ट मी तिला सांगितली असती ती ही, की डोंगरातल्या शर्यतीला पळणं म्हणतात, पण अर्धा वेळ माणूस चालतच असतो. चढावर दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून, कमरेत वाकून, शेतात नांगरामागे चालावं तसं चालायचं. चांगले चांगले तसंच चालतात. पळायचं ते सपाटीला आणि उताराला, आणि खरा मार उताराचा असतो. चढ छाती मागतो, उतार मांड्या मागतो. बारा-तेरा हजार फुटांच्या वर गेलं की हवा नावापुरती उरते. नाकाने घेतलेली पुरत नाही, तोंडाने घेतलेली घसा सोलते. चार पावलांना एक श्वास असा हिशेब खाली असतो, वर तो एका पावलाला एक होतो. घड्याळाशी भांडायचं नाही. ठरलेल्या वेळेच्या आत ठरलेल्या तंबूपाशी पोचलं नाही तर परत पाठवतात, एवढंच घड्याळ लक्षात ठेवायचं.

आणि जिंकणारे कोण असतात, तर त्याच डोंगरात जन्मलेले लोक आणि फौजेतले जवान. आपण दिल्लीहून जातो ते त्यांच्या मागे कुठे येतो ते बघायला.

हे शेवटचं वाक्य तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला मागे यायचं नव्हतं. मागे येऊन झालं होतं.

माझे वडील एका मंत्रालयात शिपाई होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, संध्याकाळच्या कॉलेजातून बीकॉम झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कोणालाही न लाजता सांगतो, तेव्हाही सांगायचो, जरा जास्तच सांगायचो. देशाचा बाजार उघडला, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, आणि त्यातल्या एकीत अकाउंट्सला मला खुर्ची मिळाली. आजूबाजूला सगळे मोठ्या कॉलेजांचे. पुण्यामुंबईहून आलेले, इंग्रजीत हसणारे. त्या नव्या गावात सेक्टरांना आकडे होते, रस्त्यांना नावं नव्हती, फुटपाथ तर नव्हतेच. कुणाचा बाप कोण हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. मला ते फार आवडायचं. वर जाणं हा फक्त कष्टांचा प्रश्न आहे असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

सुहास त्या पुण्याच्या लोकांतला. कोथरूडचा, इंजिनियर, माझ्याहून दोन पायऱ्या वरचा. सपाटीवर तो सुरेख पळायचा, लांब ढांगा टाकत, अजिबात आवाज न करता. मी त्याच्या मागे धापा टाकत. पण एकदा अरावलीतल्या जुन्या खाणीत गेलो आणि चढ लागला तेव्हा मी पुढे गेलो. वर पोचून मागे बघितलं तर तो बराच खाली होता, लाल धुळीत, कमरेवर हात ठेवून. "दत्तोपंत," खालून ओरडला, "हे कुठे शिकलात?"

"बापाच्या फायली पोचवायला जायचो," मी म्हणालो.

खोटं होतं ते. पण त्या दिवसापासून मला कळलं की एक जागा अशी आहे जिथे मी सुहासच्या पुढे असतो.

जोडीच्या शर्यतीची कल्पना माझीच. काही डोंगरी शर्यतींत असा प्रकार असतो: दोघांनी मिळून नाव द्यायचं, दोघांना मिळून एकच नंबर, शेवटपर्यंत एकमेकांच्या नजरेत राहायचं. एकाला थांबवलं तर दुसराही बाद. हिमाचलच्या पलीकडल्या बाजूला, डोंगरांनी पाऊस अडवलेल्या कोरड्या दरीतली ती शर्यत होती. सोळा हजार फुटांच्या आसपासची खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. मी सुहासला दोन महिने मागे लागून तयार केलं.

मग तो उन्हाळा. दिल्लीत डोंगर नाही, म्हणून आम्ही इमारती चढलो. सुहासच्या सोसायटीत दोन टॉवर राहते होते आणि तिसरा अजून अर्धा. बावीस मजल्यांचा सांगाडा, भिंती आहेत, दारं नाहीत. सिमेंटचा वास, कबुतरांचा वास, पाचव्या मजल्यावर मजुरांच्या चुलीचा धूर. पाठीवर दहा किलो आट्याची पिशवी. चढायचं, उतरायचं, परत चढायचं. लू उघड्या चौकटींतून आत यायची आणि जिन्यात फिरायची. घाम येण्याआधी वाळायचा, कानामागे मिठाची पांढरी रेघ उरायची. एकदा पिशवी उसवली आणि अकराव्या मजल्यापासून खालपर्यंत आट्याची धार लागली. चौकीदार बराच वेळ ती बघत उभा होता. मग म्हणाला, "साहब, रोज ऊपर जाते हो, रोज खाली हाथ आते हो. कुछ खो गया है क्या?"

सुहास पायरीवर बसून हसला. हसताना त्याला खोकला यायचा.

माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी तीस वर्षं जिने चढलो कारण लिफ्ट साहेबांची होती," म्हणाले. "तू लिफ्ट चालू असताना चढतोस. बरंय. शिकलास त्याचा फायदा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र दोन दिवस ते लागून राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी मी पिशवीत आणखी दोन किलो घातले.

वैशाली आम्हाला बेलाचं सरबत द्यायची आणि टोमणे. "दोघांच्या बुटांसाठी वेगळी खोली घ्या आता. वास कुठे कोंडायचा?" मला म्हणायची, "दत्ता, याला सांभाळ हं. हा दुखलंखुपलं सांगत नाही. आईलासुद्धा नाही सांगायचा."

मी म्हणायचो, "काळजी नको वहिनी."

जिने चढून मांड्या तयार होतात, हे खरं. रक्त तयार होत नाही. आम्हा सपाटीच्या माणसांची ही ठरलेली चूक: घामाला आपण उंचीची तयारी समजतो. पंचेचाळीस डिग्रीत बावीस मजले दहा वेळा चढणाऱ्याला काय होणार, असं वाटतं. पण विरळ हवेची सवय विरळ हवेतच होते, हळूहळू. दिवसा उंच जायचं, रात्री खाली येऊन झोपायचं, असे आठदहा दिवस द्यावे लागतात. आयोजकांनी ते लिहून पाठवलं होतं. सुहासच्या प्रोजेक्टचं काम अडलेलं, मला तिमाहीचे हिशेब बंद करायचे होते. दहा दिवसांची रजा मागणारा माणूस तेव्हाच्या गुडगावात हसण्यावारी नेला जायचा. आम्ही चौथ्या दिवशी शर्यतीला उभे राहिलो. तिथे भेटलेले दिल्लीचे बाकीचे लोकही असेच, कोणी तीन दिवसांचे, कोणी पाच. सगळे एकमेकांना आपापले जिने सांगत होते.

ती दरी मला अजून डोळ्यांसमोर येते. झाड नाही, दगडांचे रंग मात्र किती. विटकरी, जांभळट, राखाडी. आकाश इतकं निळं की वर बघितलं की काळं वाटावं. मटाराची शेतं, त्यांच्याकडेने वाहणारं बर्फाचं पाणी. हवेला कसलाच वास नाही. दिल्लीच्या माणसाला वास नसलेली हवा घाबरवते, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवसापासून सुहासचं डोकं दुखत होतं. गोळ्या घेत होता. जेवण जात नव्हतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला त्याला तीन प्रयत्न लागले. मी बघितलं. "झोप लागली की बरं वाटेल," मी म्हणालो. त्याने मान हलवली.

सकाळी पहिले तीन तास आम्ही छान गेलो. छान म्हणजे मी छान गेलो आणि तो माझ्या टाचांवर नजर ठेवून आला. आमच्या पुढे पाच जोड्या. दोन फौजेतल्या, तीन तिथल्याच गावांतल्या. म्हणजे सपाटीवरून आलेल्यांत आम्ही पहिले होतो. हे मला वाटेतल्या एका माणसाने हात वर करून सांगितलं आणि त्यानंतर मला बाकी फारसं काही ऐकू आलं नाही.

खिंडीच्या खाली शेवटचा तंबू होता. अकरा वाजलेले, ऊन डोळ्यांत घुसणारं. तंबूपाशी लाल टोपी घातलेली एक मुलगी होती, तिथल्याच कॉलेजातली असावी. हातात कागद लावलेली पाटी. मेंदूला सूज यायला लागली की माणूस दारू प्यायल्यासारखा होतो, म्हणून खिंडीत सोडण्याआधी प्रत्येकाला साधे तीन प्रश्न विचारायचे अशी पद्धत. नाव काय, कुठून आलात, आज वार कोणता. माझं झालं. मग ती सुहासकडे वळली.

"सर, आपका नाम?"

"सुहास."

"कहाँ से आए हैं?"

"गुडगाव." जरा वेळाने.

"आज कौन सा दिन है, सर?"

सुहासने माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे कोणी उभं असावं तसं बघितलं. आणि अगदी शांतपणे, रोजच्या आवाजात म्हणाला, "मनूला उंबऱ्यावरून उठव. तिन्हीसांजा झाल्यात."

त्या तंबूत मराठी कळणारा मी एकटा होतो.

मुलगी माझ्याकडे वळली. "क्या बोल रहे हैं?"

माझं डोकं त्या उंचीवरसुद्धा लख्ख चाललं. इतकं लख्ख की त्याची मला आजही किळस येते. "संडे बोल रहा है," मी म्हणालो. "मराठी में. थक जाता है तो घर की भाषा निकलती है. ठीक है बिल्कुल."

ती हसली. तिच्या घरीही कोणी तसं करत असेल. तिने पाटीवर खूण केली.

तंबूपासून खाली गाडीरस्ता अर्ध्या तासावर होता. तिथे रुग्णवाहिका उभी होती, येताना आम्ही तिच्या बाजूने आलो होतो. या आजाराला औषध एकच, खाली उतरवणं, आणि लगेच. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आदल्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. शाळेपासून मी पहिल्या रांगेतच बसतो.

खिंडीच्या पलीकडे तो वाट सोडून तिरका चालायला लागला. मग एका दगडाला टेकून बसला, आणि झोपला. हाका मारल्या, गालावर मारलं. मागून आलेल्या दोन जोड्यांनी आपली शर्यत सोडली आणि आम्ही पाच जणांनी आळीपाळीने त्याला पाठीवर घेऊन उतरवलं. त्या बाजूला रस्ता यायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्याने बघितली नाही.

आयोजकांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. सुहासचे आईवडील पुण्याहून आले, त्यांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगितलं: तंबूपर्यंत अगदी ठीक होता, प्रश्नांची उत्तरं दिली, पुढे एकदम कोसळला. पाटीवर खूण होतीच. वैशालीने विचारलं, "काही बोलला का रे शेवटी?" मी म्हणालो, नाही, बोलण्यासारखी वेळच आली नाही.

मित्राला पाठीवर घेऊन खिंड उतरलेला माणूस म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक माझी ओळख करून द्यायचे. वैशालीचा भाऊ परदेशात. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने मला बोलावलं, पाटावर बसवलं, आणि ओवाळलं. तेव्हापासून दर वर्षी. तेरा वेळा मी त्या पाटावर बसलोय. वहिनीचं 'वहिनी'च राहिलंय माझ्या तोंडात, ताई म्हणता आलेलं नाही. तिला वाटतं तो माझा संकोच.

तर मनूला काय शिकवायचं. हात मांड्यांवर कसे ठेवायचे ते शिकवता येईल. दहा दिवस आधी जायला लावता येईल, तिच्या कॉलेजात भांडून. डोकं दुखलं तर गोळी न घेता सांगायचं, हे घोकून घेता येईल. आणि मग ती विचारेल, बाबांचं डोकं दुखत होतं का? यादी प्रत्येक वेळी तिथे येऊन थांबायची. मे अर्धा संपला, मनूचे दोन फोन मी टाळले. तिसऱ्यांदा वैशालीचाच आला. "तुला नको असेल तर तसं सांग दत्ता. पण मग ती दुसऱ्या कोणाबरोबर जाईल. ऐकायची नाही, बापासारखी आहे. तू असलास तर मला झोप येईल."

रविवारी दुपारी गेलो. बाहेर लू, पडदे ओढलेले. तिघंच होतो. मी पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. डोकेदुखी, नाडी, पाच जोड्या, तंबू. सुहास जे बोलला ते त्याच्या शब्दांत सांगितलं. तेरा वर्षांत मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारत होतो. माझा आवाज नीट होता याचं मला आश्चर्य वाटलं.

कूलरचं पाणी ठिबकत होतं.

"परत सांग," वैशाली म्हणाली.

मी परत सांगितलं.

"रोज हेच म्हणायचा," ती म्हणाली. माझ्याशी नाही, भिंतीशी. "फ्लॅटला कुठला आलाय उंबरा. ही लिफ्टसमोर दारात बसून राहायची, बाबा यायच्या वेळेला. तो लिफ्टमधून बाहेर येता येता म्हणायचा. त्याच्या आजीचं वाक्य ते." मग माझ्याकडे बघितलं. "त्याला खाली आणलं नाहीस ते एक. हे तरी माझं होतं ना रे? हेसुद्धा तू तुझ्याकडेच ठेवलंस."

 

मनू दोघांकडे आळीपाळीने बघत होती. रडत नव्हती. परीक्षेत न कळलेला प्रश्न वाचावा तसा तिचा चेहरा होता. "काका," ती म्हणाली, "उंबरा मतलब? आणि ते दुसरं, तिनी काय?"

वैशालीने माझ्याकडे बोट केलं. "तो सांगेल," म्हणाली. "हिंदीत सांग तिला. येतं तुला."

मी सांगितलं. शब्द धरून, सावकाश. उंबरा यानी दहलीज. तिन्हीसांजा यानी जब दिन ढलता है, दिया जलाने का वक्त. उस वक्त दहलीज पर नहीं बैठते. वो बोले, मनू को दहलीज से उठा दो, शाम हो गई है.

"शाम को बोले?"

"नहीं. सुबह के ग्यारह बजे थे."

तिने ते समजून घेतलं.

"और उस लड़की ने पूछा, तो आपने उसको क्या बताया?"

"संडे बोल रहा है," मी म्हणालो. "ठीक है बिल्कुल."

"फिर?"

"फिर उसने हमारे नंबर पे निशान लगाया. और मैं उसका हाथ पकड़ के उसे ऊपर ले गया."